भरल्या अंगाचे बाबा

आज सकाळी आमच्या कशेळीत मांडवाचे बांबू उतरले. टेम्पोतून एकेक बांबू रस्त्यावर आपटत होता आणि मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होते. दुपारपर्यंत कापड चढेल, मग मोठ्या टोपात कांदा-खोबरं भाजायला घेतील आणि तो वास घराघरांत शिरेल. वैशाखात आमच्या भागात हा वास कुणालाच चुकत नाही. लगीनसराई म्हटली की बायकांना साड्या आठवतात, पोरांना डीजे आठवतो. मला माझ्या बाबांचं पोट आठवतं. हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच सांगते आहे.

माझं माहेर कोन, कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं. आमची भाताची जमीन होती तिथे आता निळ्या पत्र्याचं गोडाऊन आहे. मी लहान असताना बाबा त्याच जागेवर गुडघाभर चिखलात उभे असायचे. पावसात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग उरलेल्या ओलीवर वाल. सकाळी भाकऱ्यांची चवड सुकटीच्या चटणीबरोबर संपवून निघायचे आणि दुपारी तेवढीच भूक घेऊन परत यायचे. आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची, पांढरी, मऊ, तव्यावर टम्म फुगणारी. तिच्यावर पुन्हा भात. वर भाताची पेज. एवढं सगळं त्या चिखलात जिरून जायचं.

जमीन गोडाऊनला दिली आणि बाबांचं काम संपलं. भूक मात्र संपली नाही. ती बिचारी जुन्याच वेळेला येत राहिली आणि आई तिला जुन्याच मापानं वाढत राहिली. बाबा गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, कंटेनर मागे येताना ड्रायव्हरला 'आने दो, आने दो' करायचे. दिवसभरात त्यांच्या अंगाला जो काही व्यायाम होता, तो त्या एका हाताला होता.

गोडाऊनमध्ये थंड पेयांचा माल असायचा. खोकं चेपलं किंवा बाटलीवरचा कागद फाटला की तो माल दुकानात जात नाही. मॅनेजर तो प्रेमानं आमच्याकडे पाठवायचा. आमच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटलीला जागा मिळायची नाही, इतका थंडा असायचा. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही आणि याचा त्यांना फार अभिमान. लग्नाच्या आदल्या रात्री हळदीच्या जेवणावळीत कुणी ग्लास पुढे केला की छाती काढून म्हणायचे, "मी घेत न्हाय. मना थंडा द्या." आणि मग अख्खी बाटली एका दमात. गावातल्या बायका आपल्या नवऱ्यांना बाबांचं उदाहरण द्यायच्या.

ज्या वर्षाची गोष्ट मी मनात धरून आहे, त्या वर्षी माझं लग्न जमत होतं. मुलगा कशेळीचा. मी तेव्हा दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होते, तो तिथेच माल घेऊन यायचा. आमचं आधीच ठरलं होतं, आता घरांनी ठरवायचं बाकी होतं. अशातच बाबांच्या पाठीत कळ आली. मुतखडा असेल म्हणून भिवंडीत सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. निघालं ते फॅटी लिव्हर.

"रोज किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय किती?"

"ड्रिंक्स हो."

बाबांचा चेहरा असा उतरला की मला डॉक्टरांचाच राग आला. "मी थेंब घेत न्हाय, साहेब. गावात कोनालाबी विचारा."

डॉक्टर भले होते. त्यांनी समजावून सांगितलं. न पिणाऱ्यांनाही होतं. भात, साखर, मैदा, ही गोड थंड पेयं, तळलेलं, आणि बसून राहणं. जास्तीचं खाल्लेलं कुठेतरी साठतं, ते यकृतात साठलंय. आता वजन उतरवलंत, ताट बदललंत तर यकृत सुधारतं, ते फार क्षमाशील असतं. दुर्लक्ष केलंत तर सुजत जाईल आणि एक दिवस कडक होईल. कडक झालेलं मग मऊ करणं कठीण. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोली?"

"गोळी नाही. खाणं आणि चालणं, एवढंच."

बाबा एकदम सैल झाले. ज्याला गोळी नाही, सुई नाही, तो आजार कसला? येताना रिक्षात ते गुणगुणत होते. घर आल्यावर चपला काढता काढता आई म्हणाली, "कोनाला बोलाचं न्हाय. लिव्हर म्हनलं की लोकां दारूच समजतात. आन् हिचं जमताय."

तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही. आमच्याकडे लिव्हर गेलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली आहेत, आणि ती सगळी एकाच वाटेनं गेलेली आहेत. न पिता लिव्हर बिघडतं हे गावाला पटवायचं तर डॉक्टरलाच मांडवात माईक द्यावा लागला असता.

मग मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचायचं आणि घरी येऊन हुकूम सोडायचे, हा माझा उद्योग. थंडा बंद. गेटवर ड्रायव्हरांबरोबरचा गोड चहा बंद, बिनसाखरेचा कोरा घ्या. भाकरी एकच, भात वाटीभर, आणि ताटाचा अर्धा भाग भाजीचा. बोंबील तळायचे नाहीत, कालवणात टाकायचे, तेही चमचाभर तेलात. शेवग्याचा पाला, मूग, काकडी, पातळ ताक. ज्वारीचं पीठही आणलं एकदा. आईच्या हाताला तांदळाच्या उकडीची सवय, ज्वारीची भाकरी तिच्या तळव्यावरच फाटायची. तिचे तीन तुकडे बाबांच्या ताटात पडले तेव्हा त्यांनी ते नीट जुळवून गोल केले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ही भाकरी हाय का नकाशा?" पण खाल्ली. काकडी पाहून म्हणाले, "माजी बकरी केलीस तू." पण तीही खाल्ली. ऊन चढायच्या आत तोंडाला रुमाल बांधून ट्रकांच्या धुळीतून सर्व्हिस रोडनं चालून यायचे. लेकीनं सांगितलंय, एवढंच कारण त्यांना पुरेसं होतं.

आणि फरक पडला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मानेवरची वळी गेली, गालांची हाडं दिसायला लागली, आणि त्या हाडांमधून मला माझ्या लहानपणीचे, चिखलात उभे असलेले बाबा पुन्हा दिसायला लागले. रक्ताचे रिपोर्ट सुधारले. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. मला वाटलं, जिंकलो.

आता आमच्या कोनची एक गोष्ट सांगायला हवी. गावात कुणाचीही हळद असो, मटणाचा टोप उतरवण्याआधी मीठ बघायला बाबांना बोलावतात. कधीपासून ते मला माहीत नाही, पण आचारी त्यांच्याशिवाय पंगत बसू देत नाही. बाबा तळहातावर रस्सा घ्यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत असायचा. मग "बरोबर हाय" किंवा "चिमूटभर टाक". आणि मीठ बघणाऱ्याला पहिल्या पंगतीत बसवून आग्रहानं वाढायचं, हा त्याचा मान. बाबांना त्या मानाची केवढी हौस. त्या सराईत मात्र ते मीठ बघायचे आणि पित्ताचं कारण सांगून दोन घासांवर उठायचे. आमच्याकडे हळदीच्या पंगतीतून दोन घासांवर उठणं म्हणजे यजमानाला काहीतरी बोलण्यासारखंच.

लोकांनी बघायला सुरुवात केली. "काय रं, बारीक झालास?" "गाल बसलं तुजं." "शुगर हाय का?" कुणी हळूच टीबीचं नाव घेतलं. आमच्याकडे माणूस सुटला की त्याचं बरं चाललंय आणि माणूस उतरला की काहीतरी बिघडलंय, हा हिशोब इतका पक्का आहे की त्यापुढे सोनोग्राफीचं काही चालत नाही. माझे बाबा कित्येक वर्षांत पहिल्यांदा बरे होत होते, आणि गावाला ते पहिल्यांदाच आजारी दिसत होते.

आत्यापासून लपवता आलं नाही. बाबांची एकुलती बहीण, घरात शिरल्या शिरल्या भावाचा दंड चाचपून रडायला लागली. आईनं तिला शपथ घालून खरं ते सांगितलं. आत्यानं ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तिनं फक्त दर रविवारी स्टीलच्या डब्यातून परतलेली कलेजी आणायला सुरुवात केली. "गुडघ्याला बकऱ्याचा पाया, तशी लिव्हरला कलेजी," ती मला समजावायची. "माजं गुडघं पायानंच बरं झालं ना?" डब्याला बोटभर तेल सुटलेलं असायचं. ती बाबांच्या समोर बसून प्रत्येक तुकडा त्यांच्या तोंडात जाताना बघायची. तिला काय बोलणार? मी एकदा बोलायला गेले तर म्हणाली, "तू कालची पोर. माजा भाऊस हाय तो." मी डबा धुऊन दिला.

मग मध्यस्थाचा फोन आला. कशेळीच्या पाहुण्यांनी विचारलंय, पोरीच्या बापाला काही मोठा आजार तर नाही? कुणीतरी सांगितलंय, माणूस पार उतरलाय म्हणून.

त्या दुपारी आईनं बाबांच्या ताटात भाकऱ्यांची चवड ठेवली. पूर्वीसारखी. तळलेले बोंबील ठेवले, भाताची मूद ठेवली, आणि फ्रिजमधून बाटली काढून शेजारी ठेवली. बाबा ताटाकडे बघत राहिले.

"एकदा लगीन होऊन जाऊ दे," आई म्हणाली. "मग काय त्या काकड्या खावाच्या त्या खा."

मी भांडले. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, "डाक्टर तुजं लगीन लावनार हाय का?" मी म्हणाले, मग मला लग्नच नको. ते बोलताना मला माझाच आवाज खोटा वाटला, कारण मला तो मुलगा हवा होता आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं. बाबांनी पहिली भाकरी मोडली. "तू गप बस गो," ते म्हणाले. रागानं नव्हे. अगदी नेहमीच्या, कंटेनर मागे घेतानाच्या आवाजात.

बाप उपाशी असला की लेकीला काहीतरी करता येतं. बाप जेवत असताना काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ते पुन्हा भरले. किती लवकर भरले. उतरायला जेवढे कष्ट पडले त्याच्या पाव वेळात मानेवरची वळी परत आली. वैशाखात माझ्या चुलतभावाची हळद होती, तिला कशेळीचे पाहुणे मुद्दाम बोलावले होते. खरं तर ती हळद भावाची कमी आणि बाबांची जास्त होती. आचाऱ्यानं हाक मारली, बाबांनी तळहातावर रस्सा घेतला, चाटला, डोळे मिटले. "बरोबर हाय." लोक हसले, टाळ्याही वाजल्या. मग पहिल्या पंगतीत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बाबा जेवायला बसले. मी बायकांच्या पंगतीला वाढत होते. हातात भाकऱ्यांची टोपली आणि डोळे सगळे पलीकडे.

मी माणसाला इतकं मन लावून जेवताना कधी पाहिलेलं नाही. मटण घेतलं, पुन्हा घेतलं. भाकरी, वडे, भात. वाढप्यानं आग्रह केला की बाबा ताटावर हात आडवा धरण्याऐवजी ताटच पुढे करत होते. मध्येच बाटली तोंडाला लावून हसत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. एकदा त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. त्यांनी भुवया किंचित उडवल्या, लहानपणी मला शाळेच्या कार्यक्रमात स्टेजवर धीर द्यायला उडवायचे तशा. जणू मीच घाबरलेली होते. होतेच मी.

हात धुताना माझे सासरे मध्यस्थाला म्हणाले ते मी स्वतः ऐकलं. "कोन बोलला आजारी हाय? मानूस कसा भरलेला हाय." त्याच आठवड्यात तारीख निघाली.

माझ्या लग्नाच्या फोटोंत बाबा किती छान दिसतात. नवा सफारी शिवलेला, बटणं ताणलेली, चेहऱ्यावर तुकतुकी. आल्बम बघणारा प्रत्येक जण तिथे थांबतो आणि म्हणतो, काय तब्येत होती यांची तेव्हा. मी पान उलटते.

'मग' नावाची एक वेळ असते असं आई धरून चालली होती. मीही धरून चालले होते. लग्न झाल्यावर मग. पण लग्नानंतर आखाड आला, आखाडात मटण सोडून कसं चालेल? मग गणपती, उकडीचे मोदक, जावयाबरोबर बसायचं म्हणजे जेवायलाच हवं. मग दिवाळी. मग पुढची सराई, पुन्हा हळदी, पुन्हा मीठ बघायचं. मी कशेळीहून फोन करायचे, "काय जेवलात?" तिकडून उत्तर यायचं, "काकडी." मागे आईच्या कढईचा आवाज स्पष्ट ऐकू येत असायचा. आम्ही दोघंही हसायचो. एकदा मोडलेला नेम माणूस पुन्हा धरत नाही असं नाही, पण पहिल्यांदा धरला तेव्हा त्यांना वाटलं होतं की लोक खूश होतील. दुसऱ्यांदा कशासाठी धरायचा? आणि घरात ओरडायला मी नव्हते. मी त्या जेवणाच्या जोरावर सासरी आले होते, इथे कढी-भात रांधत होते.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजले. मग पोटात पाणी झालं. डॉक्टर तेच, जरा पिकलेले. त्यांनी या खेपेला समजावलं नाही, नुसते कागद वाचले. कडक झालंय, म्हणाले. आता मीठ जवळजवळ बंद. आणि आता एक उलटंच सांगितलं. उपाशी ठेवू नका. दंडामांड्यांचं मांस झडत चाललंय, म्हणून अंड्याचं पांढरं, मासा, डाळ, थोडं थोडं, दर काही तासांनी, नको म्हटलं तरी द्या. म्हणजे ज्या बाबांना मी ताटावरून उठवत होते, त्यांनाच आता ताटावर बसवायचं. आणि आता त्यांना भूक नाही. कित्येक वर्षं रिकामटेकडी येत राहिलेली ती भूक, हवी झाली तेव्हा निघून गेली.

परवा कोनला गेले होते. बाबा गेटजवळ त्याच खुर्चीत होते, पण खुर्ची मोठी झाल्यासारखी वाटली. हात काटकुळे, पोट तेवढं पुढे. शेजारच्या आळीत हळद होती. आचारी स्वतः झाकलेली वाटी घेऊन आला. "काका, मीठ बघता?" त्याला माहीत होतं की चालत नाही. पण न विचारता पंगत कशी बसवायची, हे त्याला कळत नसावं. बाबांनी वाटी हातात घेतली, झाकण काढलं, नाकापाशी नेली. डोळे मिटले. आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बरोबर हाय," ते म्हणाले आणि वाटी परत दिली. आचारी पाया पडून गेला. ते मटण खारट होतं का अळणी, देव जाणे.

मग मी त्यांच्यासाठी जेवण आणलं. मुगाची घट्ट डाळ, त्यात कुस्करलेलं अंड्याचं पांढरं, वर लिंबू पिळलेलं. मिठाचा कण नाही. दोन चमचे गेले. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली. मी पुन्हा पुढे केला. त्यांनी पुन्हा फिरवली. मग मी ते सगळं केलं जे हळदीतला कुठलाही यजमान करतो. हात धरला, गळ घातली, आण घातली. ज्या आग्रहाला मी तेव्हा मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, तोच माझ्या तोंडून जसाच्या तसा येत होता.

"बाबा, एक घास. माझ्यासाठी खा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, तक्रारीनंही नव्हे. भुवया किंचित उडवल्या.

"तुज्यासाठी खाल्लं ना गो बाय, तवा," ते म्हणाले. "आता न्हाय जात."

पलीकडच्या आळीत पंगत बसली असावी, वाढप्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मी चमचा तसाच धरून बसले.